नळातला दाब आणि शहराचे आरोग्य

नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीत, काळम्मावाडी धरणाचे पाणी कोल्हापुरात पोहोचले. दुधगंगा नदीवरील या धरणापासून पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत सुमारे ५३ किलोमीटरची जलवाहिनी टाकून ती सुरू व्हायला जवळजवळ दहा वर्षे लागली. त्याआधीही कितीतरी वर्षे ‘थेट पाइपलाइन’ हा शब्द कोल्हापूरच्या निवडणुकांत गाजत होता. आंदोलने झाली, आश्वासने झाली, चेष्टाही झाली. पाणी आले तेव्हा शहराला झालेला आनंद रास्तच होता.

या मागणीच्या मुळाशी प्रश्न होता आरोग्याचा. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या प्रयाग चिखलीजवळ एकत्र येतात आणि पंचगंगा होते. वरच्या गावांचे सांडपाणी आणि शेतातून वाहून येणारी खते-औषधे तिच्यात मिसळतात. शहराजवळ जयंती नाला आणि दुधाळी नाला तिला येऊन मिळतात. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे उभी राहिली, तरी मैलापाणी थेट नदीत गेल्याच्या आणि मासे मेल्याच्या बातम्या थांबल्या नाहीत. नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात काविळीची मोठी साथ आली. हजारो माणसे आजारी पडली, काहींचा जीव गेला. त्यानंतर पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. अशा नदीवर अवलंबून राहण्यापेक्षा सह्याद्रीच्या कुशीतल्या धरणाचे पाणी आणावे, हा विचार बरोबरच होता.

मात्र धरणाचे स्वच्छ पाणी आले म्हणजे पाण्यातून होणाऱ्या आजारांचा प्रश्न संपला, अशी समजूत आता शहरात रुजू लागली आहे. ती अर्धीच खरी आहे. शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी आणि मंगळवार पेठेतल्या किंवा एखाद्या उपनगरातल्या नळाला येणारे पाणी यांच्यामध्ये कित्येक किलोमीटरचे जमिनीखालचे जाळे असते. त्यात नव्या वाहिन्या असतात तशा जुन्या, गंजलेल्या, ठिकठिकाणी जोड दिलेल्याही असतात. पाणी शेवटपर्यंत शुद्ध राहील की नाही, हे या जाळ्यात कायम दाब असतो की नाही यावर ठरते. हा दाब विजेवर अवलंबून असतो. म्हणून महापालिकेने विजेची सोय आणि नळातला दाब या दोन गोष्टी अभियांत्रिकीच्या फायलीतून काढून सार्वजनिक आरोग्याच्या यादीत, तीही अगदी वर, घ्यायला हव्यात.

दाबाचा आणि रोगजंतूंचा संबंध समजायला फारसे विज्ञान लागत नाही. जलवाहिनी भरलेली असते आणि आत दाब असतो, तेव्हा तिला भोक असले तरी पाणी आतून बाहेर पडते. पाणी वाया जाते, पण बाहेरची घाण आत शिरत नाही. पुरवठा बंद झाला की आतला दाब उतरतो. सखल भागातले नळ उरलेले पाणी ओढून घेतात आणि चढावरच्या वाहिनीत काही काळ बाहेरच्यापेक्षाही कमी दाब होतो. आता त्याच भोकातून बाहेरचे पाणी आत येते. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याची वाहिनी आणि गटार अनेक गल्ल्यांत शेजारी-शेजारी, काही ठिकाणी तर एकमेकांना ओलांडून जातात. घरजोडणीची बारीक नळी उघड्या गटारातून नेलेली कुठेही दिसते. त्यामुळे आत येणारे पाणी कसले असेल, हे वेगळे सांगायला नको. त्यातच काही घरांत नळाला थेट मोटार जोडलेली असते. ती वाहिनीतले पाणी खेचते, तशी आजूबाजूच्या मातीतली घाणही खेचते. मोटार ज्याची, त्याची टाकी भरते. घाण मात्र शेजाऱ्याच्या नळालाही येते.

या घाणीबरोबर टायफॉईड, गॅस्ट्रो आणि काविळीचे जंतू येतात. त्यातला हिपॅटायटिस ई हा विषाणू जास्त दगाबाज आहे, कारण तो शरीरात शिरल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते आठ आठवडे जातात. डोळे पिवळे झालेले रुग्ण दवाखान्यात येऊ लागतात, तेव्हा ज्या दिवशी दूषित पाणी आले तो दिवस केव्हाच मागे पडलेला असतो. बहुतेक रुग्ण बरे होतात. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार झाला, तर मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे गल्लीतल्या एका फुटक्या वाहिनीची किंमत घरात येऊ घातलेल्या बाळाला आणि त्याच्या आईला मोजावी लागू शकते.

दिल्लीने हे १९५५-५६ मध्ये अनुभवले. पुरानंतर यमुनेचे पात्र सरकले आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी वझिराबादच्या उपसा केंद्राकडे उलटे आले. केंद्रातल्या लोकांनी तुरटी आणि क्लोरिनची मात्रा वाढवली. त्यामुळे जिवाणूंच्या साथी फारशा पसरल्या नाहीत, पण काविळीचे सुमारे २९ हजार रुग्ण निघाले. त्यावेळी हा विषाणू कोणाला माहीतही नव्हता. साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून पुढे कित्येक वर्षांनी त्याची ओळख पटली. घाण पाण्यात एकदा मोठ्या प्रमाणात शिरली की नंतर कितीही औषध टाकले तरी भरवसा राहत नाही, हा त्या साथीचा धडा आहे. घाण आत येऊच न देणे हा खरा उपाय. वाटेतल्या वाहिन्यांत ते काम दाब करतो.

याचा पुरावा कोल्हापूरपासून फार लांब नाही. पुणे-बंगळूर महामार्गाने दक्षिणेला गेले की हुबळी-धारवाड लागते. तिथे काही प्रभागांत चोवीस तास पाणी सुरू झाले आणि बाकीच्या भागात काही दिवसांआड काही तास पाणी येत राहिले. एकाच शहरात दोन्ही व्यवस्था असल्याने कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांना तुलना करता आली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चोवीस तास पुरवठा असलेल्या नळांच्या नमुन्यांपैकी ०.७ टक्क्यांत ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू सापडला. खंडित पुरवठ्याच्या नळांत हे प्रमाण ३१.७ टक्के होते. पुरवठा सुरू झाल्यावर सुरुवातीला येणारे पाणी जास्त गढूळ आणि जास्त दूषित असते, हेही त्यांच्या कामातून दिसले.

आजारांचे काय झाले, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात तपासले गेले. त्यात सुमारे ३,९०० कुटुंबे होती. लहान मुलांच्या एकूण जुलाबांत लक्षणीय फरक दिसला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. जुलाब अन्नातून, हातांतून, उघड्यावरच्या घाणीतूनही होतात, एकटा नळ सगळे सावरू शकत नाही. पण कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांमध्ये रक्ताच्या जुलाबांचे प्रमाण ३७ टक्क्यांनी कमी होते. टायफॉईडचा रुग्ण असल्याचे सांगणारी कुटुंबे ४२ टक्क्यांनी कमी होती. ज्यांच्या घरी शुद्धीकरण यंत्र नाही, मोठी टाकी नाही, आजारपणात कामावर खाडा झाला तर चूल अडते, त्यांना अखंड दाबाचा फायदा सर्वांत जास्त होतो. सुखवस्तू घराने यंत्र घेतले की त्याच्यापुरता प्रश्न सुटतो. गरीब घराचे शुद्धीकरण यंत्र म्हणजे महापालिकाच.

आता हा दाब येतो कुठून ते पाहू. हजार लिटर पाणी १०० मीटर उंच चढवायचे, तर भौतिकशास्त्राच्या हिशेबाने ०.२७ युनिट वीज लागते. पंप आणि मोटारीतली घट धरली की हा आकडा ०.४ च्या आसपास जातो. रोज १० कोटी लिटर पाणी एवढे उचलायचे म्हटले, तर उदाहरणादाखलच्या या हिशेबातही रोज ४० हजार युनिट वीज झाली. त्यातले तीस टक्के पाणी वाटेत गळाले, तर १२ हजार युनिट वीजही रोज मातीत गेली. गळती थांबवणे ही पाण्याची बचत आहे, तशी ती विजेच्या बिलाचीही बचत आहे आणि घाण आत शिरण्याची वाट बंद करणेही आहे. एका कामात तीन फायदे देणारी कामे पालिकेच्या अंदाजपत्रकात फार नसतात.

काळम्मावाडीचे पाणीही आधी पंपांनी उपसावे लागते. त्यासाठी धरणापर्यंत खास वीजवाहिनी न्यावी लागली. योजना सुरू झाल्यावरही वीजवाहिनीत किंवा पंपात बिघाड झाला आणि शहराचे पाणी बंद राहिले, अशा बातम्या कोल्हापूरकरांनी अनेकदा वाचल्या आहेत. विजेचा एका तासाचा खोळंबा पाण्याच्या बाबतीत एका तासात संपत नाही. लांबच लांब वाहिनी पुन्हा भरावी लागते, आत शिरलेली हवा बाहेर काढावी लागते, शहरातल्या टाक्या भरत नाहीत आणि दुसऱ्या दिवशीचे वेळापत्रक कोलमडते. पंप अचानक बंद पडला तर वाहत्या पाण्याचा धक्का वाहिनीला बसतो आणि कमजोर जोड फुटतात. म्हणजे आजच्या वीजबिघाडातून उद्याची गळती जन्माला येते आणि त्या गळतीतून महिन्या-दीड महिन्यानंतरची कावीळ.

महापुराच्या वेळी ही साखळी आणखी ठळकपणे दिसते. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा इशारा पातळी आणि धोका पातळी ओलांडून कितीतरी वर गेली. शिंगणापूर, बालिंगा इथली उपसा केंद्रे पाण्याखाली गेली, वीज उपकेंद्रेही बुडाली. चारी बाजूंनी पाणी असताना शहर टँकरच्या रांगेत उभे राहिले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तोच अनुभव आला. अशा दिवसांत रिकाम्या वाहिन्यांवर पुराचे आणि गटाराचे पाणी उभे असते. दाब नसलेल्या वाहिनीसाठी याहून वाईट परिस्थिती नाही.

पाणी महापालिकेचे आणि वीज महावितरणची, हे इथल्या प्रश्नाचे मर्म आहे. पाण्याची जबाबदारी ज्यांची, त्यांच्या हातात वीज नाही. ज्यांच्या हातात वीज आहे, त्यांच्या हिशेबात उपसा केंद्र हे इतरांसारखेच एक मोठे ग्राहक आहे. जगात सगळीकडे असे नाही. लॉस एंजेलिस शहरात पाणी आणि वीज एकाच पालिका विभागाकडे आहेत. १९१३ मध्ये त्या शहराने दूरच्या डोंगरांतून पाणी आणले, ते उताराने वाहते आणि वाटेत त्यावर वीजही तयार होते. जर्मनीतल्या अनेक शहरांत शहराच्याच मालकीची एक संस्था पाणी, वीज आणि उष्णता पुरवते. १८७० च्या दशकात बर्मिंगहॅमचे महापौर जोसेफ चेंबरलेन यांनी शहराचा गॅस आणि पाणी या दोन्ही कंपन्या पालिकेच्या ताब्यात घेतल्या. गॅसवर नफा मिळवायला त्यांची हरकत नव्हती, पाण्याचा हिशेब मात्र त्यांनी लोकांच्या आरोग्याशी जोडला. आपल्याकडे मुंबई महापालिकेने १९४७ मध्ये बेस्ट ताब्यात घेतली. आजही मुंबईच्या शहर भागाला हाच उपक्रम वीज देतो.

कोल्हापूर महापालिकेने आता वीज कंपनी काढावी, असा याचा अर्थ नाही. तसे करणे शक्यही नाही आणि सध्याच्या तिजोरीकडे पाहता शहाणपणाचेही नाही. पण मालकी वेगळी असली म्हणून नियोजन वेगळे असायलाच हवे असे नाही. रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहाची वीज जाऊ नये म्हणून जी काळजी घेतली जाते, तीच उपसा केंद्राच्या विजेबाबत घेतली पाहिजे. काळम्मावाडी धरणाच्या पायथ्याशी २४ मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे. त्याच धरणातून पाणी उपसणारे पंप विजेअभावी थांबावेत, हे निदान नियोजनकर्त्यांना तरी खटकले पाहिजे.

चोवीस तास पाणी म्हटले की दोन शंका हटकून येतात. पहिली, लोक पाणी उधळतील. अनुभव वेगळा आहे. सातारा जिल्ह्यातल्या कराडजवळच्या मलकापूरने, छोट्या नगरपंचायतीच्या काळातच, मीटर बसवून चोवीस तास पाणीपुरवठा करून दाखवला. पाणी उद्या येईल की नाही याची धास्ती संपली की घरोघरी भांडी भरून ठेवणे आणि दुसऱ्या दिवशी शिळे म्हणून ओतून देणे थांबते. जास्त वापरणाऱ्याला चढ्या दराने पैसे मोजावे लागले की उधळपट्टीलाही आळा बसतो. गरजेपुरत्या पाण्याचा दर गरिबाला परवडेल असाच ठेवावा लागेल, ही अट मात्र पक्की हवी.

दुसरी शंका अशी की चोवीस तास पाणी म्हणजे खासगीकरणाची पहिली पायरी. ही शंका उगाच आलेली नाही, देशातल्या काही शहरांत तसे प्रयोग झाले आणि त्यावर वादही झाले. पण दाब ही भौतिक गोष्ट आहे, ती कंपनीच्या मालकीची नसते. पालिकेचा अभियंता आणि पालिकेचा चावीवालाही ती टिकवू शकतो. त्यासाठी त्यांना मनुष्यबळ, मीटर आणि सुटे भाग वेळेवर मिळाले पाहिजेत.

संपूर्ण शहराला एकदम चोवीस तास पाणी देणे कठीण आहे, हेही मान्य केले पाहिजे. पण काही गोष्टींसाठी त्या दिवसाची वाट पाहायची गरज नाही. प्रत्येक मोठ्या उपसा केंद्राला दोन स्वतंत्र दिशांनी वीज मिळावी आणि किमान पाणी चालू ठेवता येईल एवढी जनित्राची सोय असावी. नदीकाठच्या केंद्रांतली वीजयंत्रणा २०१९ आणि २०२१ च्या पूररेषेच्या वर उचलावी. अमृत योजनेतून नव्या टाक्या आणि वाहिन्यांची कामे हाती घेतली गेली आहेत. त्यातली एकेक टाकी धरून तिच्याखालचा भाग आधी गळतीमुक्त करावा आणि तिथे अखंड दाब ठेवावा. काविळीचे व टायफॉईडचे रुग्ण ज्या गल्ल्यांत वारंवार सापडतात, तिथल्या गटारातून गेलेल्या जोडण्या सर्वांत आधी बदलाव्यात. त्यासाठी आरोग्य विभागाचा रुग्णांचा नकाशा आणि पाणीपुरवठा विभागाचा वाहिन्यांचा नकाशा एकाच टेबलावर यायला हवा.

याशिवाय एक काम आहे, त्याला फारसा पैसाही लागत नाही. नळाच्या पाण्यात शेवटपर्यंत थोडा क्लोरिन शिल्लक असावा लागतो. भारतीय मानकानुसार तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा किमान ०.५ मिलिग्रॅम हवा. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी ओ.टी. चाचणीने तो दोन मिनिटांत पाहतो. नळाला क्लोरिन नसणे याचे दोन अर्थ असतात. एक तर तो केंद्रातच कमी पडला, किंवा वाटेत आत आलेल्या घाणीने खाऊन टाकला. म्हणून हा आकडा टाकीजवळचा नको, वाहिनीच्या अगदी टोकाच्या नळाचा हवा. तो रोज, प्रभागवार, सर्वांना दिसेल असा जाहीर झाला पाहिजे. धरणात किती टक्के पाणी आहे हे कोल्हापूरकर पावसाळ्यात रोज आवडीने वाचतात. राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी फूट आणि इंचात त्यांच्या तोंडपाठ असते. क्लोरिनचा आकडाही तसाच ओळखीचा होऊ शकतो.

पुरवठा खंडित होऊन पुन्हा सुरू झाला की ‘पाणी कमी दाबाने येईल’ एवढीच सूचना निघते. तिच्यात आरोग्याची ओळ हवी: सुरुवातीचे पाणी पिण्यासाठी भरू नका, ते भांडी किंवा धुण्यासाठी वापरा, आणि पुढचे दोन-तीन दिवस पिण्याचे पाणी उकळून घ्या. पाण्याला खळखळून उकळी आली आणि ती एक मिनिट टिकली, तर काविळीच्या विषाणूसह बहुतेक रोगजंतू मरतात. घरात गरोदर स्त्री असेल, तर पावसाळ्यात आणि पुरानंतर हे रोजच केलेले बरे. पुरवठा बंद असताना वाहिनीतले उरलेसुरले पाणी मोटारीने ओढणे, हे तर शेजाऱ्याच्या पाण्यात स्वतःच्या हाताने घाण मिसळण्यासारखे आहे. मोटारी जप्त करण्याच्या मोहिमेकडे दंडवसुली म्हणून न पाहता साथ रोखण्याचे काम म्हणून पाहिले, तर तिला लोकांची साथही मिळेल.

कोल्हापूर संस्थानाने गेल्या शतकाच्या सुरुवातीला भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम हाती घेतले, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांपुढे पुढच्या कितीतरी पिढ्या होत्या. ते धरण त्यांच्या हयातीत पूर्ण झाले नाही, पण पाणी ही राज्याची जबाबदारी आहे, ही भावना या मातीत तेव्हापासून आहे. थेट पाइपलाइनसाठी शहराने दाखवलेली चिकाटी त्याच भावनेतून आली. ती चिकाटी पुईखडीला पाणी आल्यावर थांबता कामा नये. पुईखडीपासून गल्लीच्या शेवटच्या नळापर्यंतचे अंतर ५३ किलोमीटरपेक्षा कमी असले, तरी काविळीचे आणि टायफॉईडचे जंतू त्याच वाटेवर टपून बसलेले असतात. पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारात आला, तर ‘आमच्या नळाला दाब किती आणि क्लोरिन किती’ असा प्रश्न त्याला आता विचारायला हवा.